घरबसल्या डाएटिशियन होता येतं का? दूरशिक्षणातून पोषणशास्त्र शिकण्याआधी हे समजून घ्या

इन्स्टाग्रामवर थोडा वेळ स्क्रोल केलं की ही जाहिरात हमखास समोर येते. 'तीन महिन्यांत सर्टिफाइड न्यूट्रिशनिस्ट व्हा. घरबसल्या शिका. बॅकग्राउंड कुठलंही चालेल.' खाली कमेंटमध्ये 'फी किती?' असं विचारणारे असतात.

हे विचारणारे लोक आपल्या ओळखीचेच असतात. बाळ लहान म्हणून नोकरी सोडलेली ताई असते. तालुक्याच्या गावात होम सायन्सचं कॉलेज नाही म्हणून बीए केलेली मुलगी असते. दिवसा जिममध्ये ट्रेनर असलेला आणि 'सर, डाएट प्लॅन द्या ना' हे रोज ऐकणारा मुलगा असतो. या सगळ्यांना दूरशिक्षण सोयीचं वाटणं साहजिक आहे.

पण २०२५ मध्ये या क्षेत्राचे नियम बदलले. अनेक जुन्या ब्लॉगमध्ये आणि व्हिडिओंमध्ये अजून आधीचीच माहिती फिरतेय. त्यामुळे फी भरण्याआधी नेमकं चित्र काय आहे, ते पाहूया.

थोडक्यात उत्तर काय?

दूरशिक्षणातून तुम्ही पोषणाबद्दल बरंच शिकू शकता. पण भारतात आहारतज्ज्ञ म्हणून रुग्णांवर काम करायचं असेल, तर त्यासाठीची पदवी आता दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने घेता येत नाही. त्यासाठी कॉलेजात जाऊनच शिकावं लागतं.

म्हणजे आधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा: मला पोषणाचं ज्ञान हवंय, की आजारी माणसाचा आहार ठरवण्याचा व्यवसाय करायचाय? दोन्ही चांगली कामं आहेत, पण त्यांचे रस्ते वेगळे आहेत.

२०२५ मध्ये नेमकं काय बदललं?

याची सुरुवात २०२१ मध्ये झाली. त्या वर्षी संसदेने 'नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स' हा कायदा केला. डॉक्टरांसाठी, नर्सेससाठी, फार्मासिस्टसाठी देशपातळीवर परिषदा होत्या. पण फिजिओथेरपिस्ट, ऑप्टोमेट्रिस्ट, लॅब टेक्निशियन, डाएटिशियन अशा अनेक व्यवसायांसाठी देशभर लागू होणारी एक चौकट नव्हती. ती या कायद्याने आणली.

कायद्याच्या अनुसूचीत पोषणशास्त्रातल्या व्यावसायिकांचा स्वतंत्र गट आहे. हॉस्पिटलमधला क्लिनिकल डाएटिशियन, फूड सर्व्हिस डाएटिशियन, सार्वजनिक आरोग्यात काम करणारा न्यूट्रिशनिस्ट आणि स्पोर्ट्स न्यूट्रिशनिस्ट, असे सगळे त्यात येतात.

पुढचा टप्पा आला ऑगस्ट २०२५ मध्ये. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, विद्यापीठांना कळवलं की या कायद्यात येणारे कोर्स जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवता येणार नाहीत. त्यात मानसशास्त्राबरोबरच फूड अँड न्यूट्रिशन सायन्स, क्लिनिकल न्यूट्रिशन आणि डाएटेटिक्स या विषयांचाही समावेश आहे. त्या सत्रासाठी किंवा त्यापुढच्या सत्रांसाठी कुणाला आधीच मान्यता दिली असेल, तर ती काढून घेतली जाईल, असंही यूजीसीने सांगितलं.

एखाद्या बीएमध्ये दहा-पंधरा विषयांचे पर्याय असतील, तर पूर्ण बीए बंद होत नाही. फक्त या कायद्यात येणारा विषय त्यातून वगळला जातो.

हा निर्णय वरवर अचानक वाटतो, पण तो तसा नाही. वैद्यकीय, दंतवैद्यक, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी असे कोर्स दूरस्थ पद्धतीने चालवायला आधीपासूनच बंदी आहे. पोषणशास्त्र आता त्याच रांगेत आलं आहे.

पण आहाराचं शिक्षण घरून का नको?

'पुस्तकं तीच, परीक्षा तीच, मग फरक काय?' हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर वॉर्डात गेल्यावर कळतं.

किडनीच्या रुग्णाचं उदाहरण घ्या. शहाळ्याचं पाणी आरोग्याला चांगलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी नीट काम करत नसेल तर हे पोटॅशियम शरीरात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. जे शहाळं तुम्हाला-मला चांगलं, तेच या रुग्णाला धोक्याचं ठरू शकतं.

आता याच रुग्णाच्या प्रथिनांचं पाहू. किडनी कमजोर आहे पण डायलिसिस सुरू नाही, अशा टप्प्यावर डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सहसा प्रथिनं मर्यादित ठेवतात. डायलिसिस सुरू झालं की उलट प्रथिनांची गरज वाढते. आजार तोच, माणूसही तोच, पण सल्ला बदलतो. रक्ताचे रिपोर्ट वाचून तो कधी आणि किती बदलायचा, हे रुग्ण समोर असताना आणि वरिष्ठांच्या देखरेखीखालीच शिकता येतं.

दुसरं उदाहरण तीव्र कुपोषित बाळाचं. मेळघाट, नंदुरबार या भागांची नावं बातम्यांत येतात तेव्हा आपल्याला वाटतं, या मुलांना पोटभर खायला दिलं की झालं. पण अतितीव्र कुपोषणात शरीर इतकं थकलेलं असतं की एकदम जास्त अन्न दिलं तर जीवावर बेतू शकतं. म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रात सुरुवातीला एफ-७५ नावाचं खास दूध मोजून, थोडं थोडं देतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी असतात. बाळ स्थिर झालं की मग १०० किलोकॅलरी असलेल्या एफ-१०० वर नेतात.

हे आकडे पुस्तकात आहेतच. पण बाळ कधी 'स्थिर' झालं, हे ओळखायला त्याच्या शेजारी उभं राहावं लागतं.

म्हणूनच कायद्याने तासांची अट घातली आहे. 'हेल्थकेअर प्रोफेशनल' म्हणून ओळख मिळायची असेल तर पदवी किमान ३,६०० तासांची आणि ३ ते ६ वर्षांत विभागलेली हवी. रोज ६ तास धरले तर हे शिकण्याचे ६०० दिवस होतात. 'तीन महिन्यांत सर्टिफाइड' या जाहिरातीशेजारी हा आकडा ठेवून पाहा.

'डाएटिशियन', 'न्यूट्रिशनिस्ट' आणि 'हेल्थ कोच' यांत फरक काय?

सोशल मीडियावर हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. पण काम वेगळं आहे.

डाएटिशियन म्हणजे आहारतज्ज्ञ. मधुमेह, किडनीचे विकार, कॅन्सर, शस्त्रक्रियेनंतरची अवस्था अशा परिस्थितीत रुग्णाचा आहार ठरवणं हे त्यांचं काम. ते बहुतेकदा डॉक्टरांच्या टीमसोबत काम करतात.

न्यूट्रिशनिस्ट हा शब्द जरा व्यापक आहे. शाळा, अंगणवाडी, खेळाडू, खाद्यपदार्थ कंपन्या, संशोधन, सरकारी योजना अशा ठिकाणी पोषणाचं काम करणारे यात येतात. मात्र हा शब्द सैल वापरला गेल्याने कुठलाही छोटा कोर्स केलेले लोकही तो बायोमध्ये लावतात.

हेल्थ कोच किंवा वेलनेस कोच म्हणजे सवयी बदलायला मदत करणारा माणूस. वेळेवर जेवा, पाणी प्या, झोप पूर्ण करा, असा पाठपुरावा करणं वाईट नाही. पण त्याने आजारावर आहार लिहून देऊ नये.

आणखी एक नाव ऐकू येतं: आरडी, म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन. ही परीक्षा इंडियन डायटेटिक असोसिएशन ही व्यावसायिकांची संघटना घेते. त्यासाठी या विषयातलं पदव्युत्तर पातळीवरचं शिक्षण आणि हॉस्पिटलमधली इंटर्नशिप लागते. हा सरकारी परवाना नाही, पण मोठी हॉस्पिटलं नोकरी देताना त्याला वजन देतात. २०२१ च्या कायद्यात केंद्रीय आणि राज्य पातळीवरच्या नोंदवह्यांची जी तरतूद आहे, ती यापेक्षा वेगळी आहे.

आधीच दूरस्थ पदवी घेतली असेल तर?

घाबरून जाऊ नका. यूजीसीचा निर्णय जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून पुढच्या प्रवेशांसाठी आहे. आधीच्या नियमांनुसार, मान्यताप्राप्त विद्यापीठाची मान्यता असलेल्या कोर्समधली दूरस्थ पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते.

हे महत्त्वाचं आहे, कारण या मार्गाने बरेच जण शिकले आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, म्हणजे इग्नूची, डाएटेटिक्स अँड फूड सर्व्हिस मॅनेजमेंट ही एमएस्सी नोकरी करणाऱ्यांमध्ये ओळखीची होती. होम सायन्स न केलेल्या काही विज्ञान पदवीधरांनाही सोबत एक सर्टिफिकेट कोर्स करून तिला प्रवेश मिळायचा. त्यात प्रात्यक्षिकंही असत. नव्या विद्यार्थ्यांसाठी अशा दूरस्थ पदव्यांची वाट यूजीसीच्या निर्णयाने बंद केली.

तुमच्याकडे अशी पदवी असेल तर तीन कामं करून ठेवा. तुम्ही प्रवेश घेतला त्या सत्रासाठी कोर्सला मान्यता होती, याचा पुरावा जपा. प्रात्यक्षिकं आणि इंटर्नशिपची सर्व प्रमाणपत्रं, तासांच्या नोंदींसह, एका फाइलमध्ये ठेवा. आणि व्यावसायिक नोंदणीसाठी तुमची पदवी धरली जाईल का, हे संबंधित परिषदेला लेखी विचारा. पदवी वैध असणं आणि व्यवसायाची नोंदणी मिळणं हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

मग दूरशिक्षणातून आता काय शिकता येतं?

पदवी नाही म्हणजे काहीच नाही, असं समजू नका. छोट्या कोर्सचा उपयोग आहे, फक्त तो कशासाठी आहे हे माहीत हवं.

सर्टिफिकेट इन फूड अँड न्यूट्रिशन: इग्नूचा सहा महिन्यांचा पायाभूत कोर्स. याची रचनाच सामान्य लोकांसाठी केलेली आहे आणि त्याला औपचारिक शिक्षणाची अट नाही. अन्नघटक, घरचा आहार, अन्नाची साठवण अशा गोष्टी त्यात आहेत.

डिप्लोमा इन न्यूट्रिशन अँड हेल्थ एज्युकेशन: बारावीनंतरचा एक वर्षाचा इग्नूचा डिप्लोमा. लोकांपर्यंत पोषण आणि आरोग्याचा संदेश कसा न्यायचा, यावर त्याचा भर आहे.

स्वयम: केंद्र सरकारचं हे ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झालं. इथे देशातल्या प्राध्यापकांचे कोर्स मोफत पाहता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरावी लागते.

फॉस्टॅक: भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, यांचं अन्न सुरक्षेचं प्रशिक्षण. खाद्यव्यवसायात दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे किमान एक प्रशिक्षित फूड सेफ्टी सुपरवायझर असावा, ही यामागची कल्पना. मेस, कँटीन, टिफिन सर्व्हिस किंवा बचत गटाचा खाद्यउद्योग चालवणाऱ्यांना ते थेट उपयोगी पडतं.

या यादीतल्या कुठल्याही कोर्सला प्रवेश घेण्याआधी तो चालू सत्रात सुरू आहे का, हे त्या संस्थेच्या अधिकृत पोर्टलवर पाहा. २०२५ च्या निर्णयानंतर कोर्सच्या याद्या बदलत आहेत. गेल्या वर्षीचं माहितीपत्रक बघून फी भरू नका.

आणि पैसे न भरताही शिकता येतं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ही या विषयातली देशातली सर्वांत जुनी संस्था. ती १९१८ मध्ये कुन्नूरला एका छोट्या संशोधन केंद्राच्या रूपात सुरू झाली आणि १९५८ मध्ये हैदराबादला गेली. तिने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांतल्या घटकांचे तक्ते काढले. त्यात ५२८ पदार्थांची माहिती आहे. मे २०२४ मध्ये तिने भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वंही प्रसिद्ध केली. ज्वारी-बाजरीपासून तेल-मिठापर्यंतच्या प्रश्नांना इथे रील्सपेक्षा खात्रीची उत्तरं मिळतात.

या छोट्या कोर्सचा फायदा नेमका कुणाला?

सर्वांत जास्त फायदा त्यांना, ज्यांच्या हातात आधीपासून लोकांचं जेवण किंवा आरोग्य आहे.

अंगणवाडी सेविका, आशा ताई, नर्स, शाळेतले शिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक, मेस चालवणारे, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते हे सगळे यात येतात. यांच्यासाठी हा कोर्स नवी नोकरी देणारा नसला, तरी हातातलं काम सुधारणारा आहे.

आणि या कामाची गरज किती आहे, हे आकड्यांतून दिसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती, तर ३६.१ टक्के मुलांचं वजन कमी होतं. १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के महिलांना ॲनिमिया होता.

म्हणजे राज्यातली निम्म्याहून जास्त बायामाणसं रक्ताच्या कमतरतेसह रोजची कामं करतात. लोहाच्या गोळीसोबत चहा पिऊ नये, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतल्या 'क' जीवनसत्त्वामुळे जेवणातलं लोह जास्त चांगलं शोषलं जातं. एवढी गोष्ट गावातल्या बैठकीत कुणी नीट समजावली तरी फरक पडतो. त्याला एमएस्सी लागत नाही, पण बरोबर माहिती नक्की लागते.

जिम ट्रेनरलाही अशा कोर्सचा उपयोग आहे. निरोगी माणसाला समतोल जेवणाबद्दल सांगता येईल. आणि समोरच्याला मधुमेह, थायरॉइड किंवा किडनीचा त्रास असेल तर 'आधी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांना भेटा' असं सांगण्याइतकी समज येईल. कुठे थांबायचं हे कळणं हाही शिक्षणाचाच भाग आहे.

डाएटिशियनच व्हायचं असेल तर रस्ता कसा आहे?

पहिली पायरी बारावी. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र घेतलेलं असेल तर पुढे पर्याय जास्त मिळतात. पात्रता कॉलेजनुसार बदलते, त्यामुळे आधी ती तपासा.

दुसरी पायरी पदवी. न्यूट्रिशन अँड डाएटेटिक्स किंवा होम सायन्समधली बीएस्सी. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दहा व्यवसायांसाठी नवे अभ्यासक्रम जाहीर केले, त्यात न्यूट्रिशन अँड डाएटेटिक्सही आहे. त्यामुळे प्रवेश घेताना 'तुमचा अभ्यासक्रम या नव्या आराखड्यानुसार आहे का?' हा प्रश्न कॉलेजला जरूर विचारा.

तिसरी पायरी पदव्युत्तर डिप्लोमा किंवा एमएस्सी. चौथी हॉस्पिटलमधली इंटर्नशिप. त्यानंतर आरडी परीक्षा आणि नोंदणी.

महाराष्ट्रात यासाठी जुन्या आणि चांगल्या संस्था आहेत. मुंबईत १९१६ मध्ये स्थापन झालेल्या एसएनडीटी महिला विद्यापीठाचं जुहूला होम सायन्स कॉलेज आहे. मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन होम सायन्स कॉलेजही प्रसिद्ध आहे. नागपूरला एलएडी कॉलेज आहे. पुण्यात सिम्बायोसिसमध्ये पोषणशास्त्र शिकवतात. मराठवाड्यात परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. त्याचं आधीचं नाव गृहविज्ञान महाविद्यालय. अन्न आणि पोषण हा तिथल्या अभ्यासाचा भाग आहे. 'कृषी विद्यापीठ म्हणजे शेतीच' असं समजून अनेक मुली हा पर्याय बघतच नाहीत.

ही यादी पूर्ण नाही. पण दूरस्थ कोर्स शोधण्याआधी आपल्या विभागातल्या कॉलेजची फी आणि वसतिगृहाचा खर्च एकदा काढून पाहा. काही वेळा इन्स्टाग्रामवरच्या कोर्सची फी आणि सरकारी किंवा अनुदानित कॉलेजची वर्षाची फी यांत वाटतो तेवढा फरक नसतो. शिष्यवृत्ती मिळाली तर गणित अजून बदलतं.

परदेशी प्रमाणपत्राचं काय?

'इंटरनॅशनल सर्टिफिकेट' हा जाहिरातीतला लाडका शब्द. पण बाहेरच्या देशांत नियम जास्त कडक आहेत.

ब्रिटनमध्ये 'डाएटिशियन' ही कायद्याने संरक्षित पदवी आहे. तिथल्या हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी नसेल तर कुणी स्वतःला डाएटिशियन म्हणवू शकत नाही. 'न्यूट्रिशनिस्ट' या शब्दाला मात्र तसं संरक्षण नाही. म्हणून ऑनलाइन कोर्स विकणारे सहसा दुसरा शब्द वापरतात.

अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून रजिस्टर्ड डाएटिशियनच्या परीक्षेला बसण्यासाठी मास्टर्स पदवी लागते. तिथे काही विद्यापीठांचे मान्यताप्राप्त ऑनलाइन कोर्स आहेत. पण देखरेखीखालचं किमान १,००० तासांचं प्रत्यक्ष काम कुणालाही चुकत नाही. लग्नानंतर किंवा जोडीदाराच्या नोकरीमुळे तिकडे गेलेल्या आणि इथली पदवी असलेल्या मराठी मुलींनी हा नियम लक्षात ठेवून, पदवीची समकक्षता आधी तपासून घ्यावी.

फी भरण्याआधी काय तपासायचं?

१. कोर्सचं नाव यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या पोर्टलवर शोधा. विद्यापीठ मान्यताप्राप्त असणं पुरेसं नाही. तो विशिष्ट कोर्स, त्या विशिष्ट सत्रासाठी मान्य असावा लागतो.

२. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीसाठी विद्यार्थ्याचा डीईबी-आयडी लागतो. पदवी देतो म्हणणारी संस्था हा आयडी मागत नसेल, तर शंका घ्या.

३. 'आम्ही अमुक विद्यापीठाचं अधिकृत सेंटर आहोत' असं सांगणाऱ्या क्लासवर लगेच विश्वास ठेवू नका. दूरस्थ कोर्स फ्रँचायझीवर चालवायला यूजीसी परवानगी देत नाही. थेट विद्यापीठाला विचारा.

४. 'या कोर्सनंतर मला कुठल्या परिषदेकडे, कोणत्या नावाने नोंदणी मिळेल?' हा प्रश्न ईमेलवर विचारा. फोनवरचं 'हो मॅडम, सगळं होतं' पुरावा म्हणून चालत नाही.

५. इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलमध्ये, किती तासांची, हे विचारा. उत्तर 'ऑनलाइन केस स्टडी' असेल, तर तो व्यवसायाचा कोर्स नाही.

६. प्रवेश रद्द केला तर फी परत मिळण्याची अट वाचा. 'आज रात्री बारापर्यंतच सूट' असं म्हणत असतील, तर मुद्दाम उद्यापर्यंत थांबा.

मग तुम्ही काय करावं?

बारावीत असाल आणि डाएटिशियन व्हायचंय, तर नियमित कॉलेजचाच रस्ता धरा.

विज्ञान किंवा नर्सिंगची पदवी असेल, तर नियमित पदव्युत्तर कोर्सला तुमची पदवी चालते का ते कॉलेजला विचारा. बऱ्याच जणांना वाटतं तेवढं मागे जावं लागत नाही.

अंगणवाडी, शाळा, जिम किंवा खाद्यव्यवसायात असाल, तर छोटा सर्टिफिकेट कोर्स नक्की करा. कमी खर्चात कामाची पत वाढते.

घर सांभाळताना काहीतरी सुरू करायचंय, तर आधी स्वयमवरचा एखादा मोफत कोर्स पूर्ण करून पाहा. विषयात मन रमतंय का, हे पैसे न घालवता कळेल. रमलं, तर मूल थोडं मोठं झाल्यावर नियमित पदवीचा विचार करता येईल. पोषण हे खाद्यउद्योग, लेखन, आरोग्य शिक्षण अशा कामांतही उपयोगी पडतं.

आणि छोटा कोर्स करून बायोमध्ये काही लिहायचंच असेल, तर जे शिकलात तेच लिहा. 'फूड अँड न्यूट्रिशन सर्टिफिकेट' हे खरं आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. 'डाएटिशियन' लिहिलंत, तर एखादा किडनीचा रुग्ण त्या एका शब्दावर भरवसा ठेवून तुम्हाला मेसेज करेल. तुम्ही सांगाल ते तो खाईलही.